वॉशिंग मशीनची सफाई: आधी वाट मोकळी करा, मग क्षार सोडवा

मशीनला कुबट वास येतो, पांढऱ्या शर्टावर काळपट कपटे दिसतात, पाणी उतरायला वेळ लागतो. मग दुकानातून डिस्केलिंग, म्हणजे क्षार सोडवणाऱ्या, पावडरीचं पाकीट येतं, ते ड्रममध्ये ओतलं जातं, 'टब क्लीन' प्रोग्रॅम लावून मंडळी बाजारात जातात. परत येऊन बघतात तर ड्रममध्ये पाणी तसंच अडकलेलं, पडद्यावर एरर आणि दार उघडायला तयार नाही. तिसरा फोन मला येतो.

नाशिकमध्ये पंधरा वर्षं मी घरोघरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करतोय. अशा दहा फोनांपैकी सात-आठ ठिकाणी पार्ट खराब नसतो, क्रम चुकलेला असतो. पावडरीने सुटलेला क्षार बाहेर पडायची वाटच बंद होती. म्हणून हा लेख क्रमानेच वाचा आणि क्रमानेच करा. मुख्य वर्णन फ्रंट लोडचं आहे. टॉप लोडवाल्यांनी पहिले तीन टप्पे वाचून शेवटाकडे यावं.

## पाणी कोणतं, ते आधी बघा

गंगापूर धरणाचं नळाचं पाणी मशीनला फारसं छळत नाही. छळतं ते बोअरचं. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, आडगाव, कुठेही जा, उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअर किंवा टँकर मिसळतोच. हे पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. गरम झालं की त्यातला क्षार हीटरवर, ड्रमच्या मागच्या बाजूला आणि पाइपात पांढऱ्या थरासारखा बसतो.

घरच्या घरी तपासायचं तर दोन सारख्या रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत मशीनच्या नळाचं, दोन्ही निम्म्या. अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस दोन्हींत टाका आणि जोरात हलवा. कपड्यांची पावडर चालणार नाही, ती जड पाण्यातही फेसाळते. आरओच्या बाटलीत फेस टिकेल. नळाच्या बाटलीत फेस बसून पाण्यावर दह्यासारखा चोथा तरंगला, तर तुमचं पाणी जड आहे.

"आमच्या पाण्याचा रिपोर्ट पास आहे," असं सोसायटीचे सेक्रेटरी सांगतात. असेलही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची (जडपणाची) स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. प्यायला पास झालेलं पाणीही हीटरवर भरपूर थर देऊ शकतं.

## टप्पा १: सामान आणि वेळ

तीन तास मोकळे ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत इतर दहा कामांच्या मध्ये हे कोंबू नका. पाणी येण्याची वेळ आणि टाकीतला साठा बघून घ्या. मधेच पाणी गेलं तर क्षार सोडवलेलं घाण पाणी ड्रममध्ये बसून राहतं.

सामान साधंच आहे: जुना टूथब्रश, दोन सुती फडकी, दोन जुने टॉवेल, पक्कड, टॉर्च, रबरी हातमोजे, केर भरायची प्लास्टिकची सुपली आणि १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. हे किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. रविवार कारंजाच्या बाजूला सुटंही मिळतं. कंपनीची डिस्केलिंग पावडर असेल तर तीही चालते. प्रमाण पाकिटावरचं घ्या. मशीनसोबत आलेलं पुस्तक शोधून ठेवा. फिल्टर कुठे आहे आणि 'टब क्लीन' किती वेळ चालतं, ते त्यात असतं.

सावधान: संडासाचं ॲसिड मशीनमध्ये ओतू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं. स्टीलच्या ड्रमला बारीक खड्डे पाडतं आणि रबर खातं. आणि ब्लीच व कुठलंही ॲसिड एकत्र कधीच नाही, सायट्रिकसुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्याकडे मशीन बहुतेक वेळा बाथरूममध्ये किंवा काचा लावलेल्या बाल्कनीतच असतं. व्हिनेगरचे प्रयोगही मला पसंत नाहीत. एकदा घातल्याने काही होत नाही, पण दर आठवड्याला घातलं की दाराचं रबर कडक पडतं.

## टप्पा २: बंद करण्याचाही क्रम आहे

बहुतेक जण थेट प्लग काढतात आणि मागचा पाइप सोडतात. पाइपात दाब असतो, कारंजं उडतं आणि ते नेमकं विजेच्या बोर्डावर.

आधी मशीनचा नळ बंद करा. मग मशीन कुठल्याही प्रोग्रॅमवर दहा सेकंद सुरू ठेवा. पाइपातला दाब निघून जातो. नंतर ड्रेन लावून ड्रममधलं पाणी काढा, बटण बंद करा आणि सगळ्यात शेवटी कोरड्या हाताने प्लग काढा.

तपासा: एरवी मशीनला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येतात का? येत असतील तर सफाई राहू द्या. अर्थिंग नाही किंवा कुठेतरी करंट उतरतोय. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि तोवर ते मशीन वापरू नका.

## टप्पा ३: पाणी आत येणारी जाळी

मशीनच्या मागे, जिथे पाइप जोडलेला असतो, तिथे आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी असते. 'पाणी हळू भरतं' ही तक्रार नव्वद टक्के इथेच मिटते.

पाइपाची चकती हाताने सोडवा. खाली सुपली धरा, कपभर पाणी पडेलच. जाळीच्या मधोमध छोटा दांडा असतो. तो पक्कडीने हलकेच धरून सरळ ओढा. पिळलात तर दांडा तुटतो आणि जाळी आतच राहते. बाहेर आलेली जाळी वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासा. क्षार घट्ट असेल तर वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक घालून अर्धा तास बुडवा. पाइपाच्या टोकाचा रबरी वॉशर मोरीत वाहून जाऊ देऊ नका.

"जाळी काढून टाकली की पाणी भसाभस येतं," असा सल्ला कुणीतरी शेजारी देतोच. येतं खरं. मग टाकीतला गाळ थेट व्हॉल्व्हमध्ये जातो, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि मशीन बंद असतानाही रात्रभर ड्रममध्ये पाणी झिरपत राहतं. जाळी परत बसवा.

पावसाळ्यात ही जाळी लवकर भरते. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर येऊन घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली, की त्याच आठवड्यात जाळी काढून बघायची, अशी मी गिऱ्हाइकांना सवय लावली आहे. तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, मारुती राहतो.

## टप्पा ४: दाराचं रबर आणि पावडरचा खण

कुबट वासाचं घर इथे आहे. दाराच्या रबराची खालची घडी दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून आत टॉर्च मारा. केसांचे गुंते, कागदाचा लगदा, नाणं आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारा करडा चिकटा दिसेल. फडकं साध्या साबणाच्या पाण्यात भिजवून तो पुसून काढा. घडीच्या तळाशी तीन-चार छोटी भोकं असतात. पाणी त्यातून निथळून टबात जातं. ती बुजली की घडीत पाणी साचतं आणि काळी बुरशी धरते. भोकं ब्रशने मोकळी करा. सुई नको, सुरी तर नकोच. रबराला टाचणीएवढी चीर गेली तरी पाणी फरशीवर येतं, आणि नवं रबर बसवायला मशीनचा पुढचा पत्रा उतरवावा लागतो.

रंगपंचमीनंतरच्या आठवड्यात मला रंगीत रबरं खूप बघायला मिळतात. रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून आलेले कपडे आधी बादलीत दोन पाण्यांतून काढा, मग मशीनला द्या. द्राक्षबागेत औषध फवारताना घातलेले कपडे मात्र मशीनला द्यायचेच नाहीत. ते वेगळे, हातमोजे घालून, बादलीतच धुवा. त्याच ड्रममध्ये लेकराची झबली पडतात.

पावडरचा खण मधला खटका दाबून पूर्ण बाहेर येतो. तो कोमट पाण्यात घासा. सॉफ्टनरच्या कप्प्यावरची निळी किंवा पांढरी टोपी उचलून तिच्या खालची नळी मोकळी करा. खण काढल्यावर जी खोबण दिसते तिच्या छतालाही ब्रश फिरवा. पाणी तिथूनच गळतं आणि बुरशीही तिथेच लटकते, पण वर मान करून कुणी बघत नाही.

## टप्पा ५: ड्रेन फिल्टर, पहिल्यांदा

पुढे खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं. त्याच्या मागे गोल फिरकीचा फिल्टर. सगळ्या सफाईतलं महत्त्वाचं काम हेच, आणि हेच वर्षानुवर्षं होत नाही.

नुकतेच गरम पाण्यात कपडे धुतले असतील तर तासभर थांबा. झाकणाजवळ छोटी काळी नळी असेल तर ती बाहेर ओढून टोपण काढा आणि पाणी सुपलीत सोडा. फिल्टर जमिनीपासून चार बोटं वर असतो. परात त्याखाली जात नाही, सुपली जाते. भरली की टोपण लावा, रिकामी करा, पुन्हा लावा. दोन-तीन लिटर पाणी निघतं. नळी नसेल तर टॉवेल अंथरून फिरकी अर्धाच आटा सोडवा, पाणी आलं की परत आवळा, सुपली रिकामी करा. असं पाच-सहा वेळा. एकदम पूर्ण उघडलात तर पाणी हॉलपर्यंत जातं.

फिल्टर बाहेर आला की त्याला लागलेले धागे, पिना, बटणं काढा. मला आजवर सापडलेल्या वस्तूंत जोडवी आहेत, देवळातला गंडा आहे, अर्धं एटीएम कार्ड आहे, आणि बागायतदारांच्या घरी वेल बांधायची सुतळी तर नेहमीची. मग भोकात टॉर्च मारा. आत पंपाचा छोटा पंखा दिसेल. तो काडीने हलवून बघा. झटक्या-झटक्याने फिरतो, ते बरोबर आहे, आत चुंबक असतो. अजिबात हलत नसेल तर पात्यात केस किंवा धागा गुंडाळला आहे. चिमट्याने ओढून काढा.

तपासा: फिल्टर आटे जुळवून, हाताने पूर्ण आवळून बसवा. पक्कडीने आवळू नका. ड्रममध्ये तांब्याभर पाणी ओता, पाच मिनिटांनी झाकणाखाली कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर फिल्टर तिरका बसलाय.

## टप्पा ६: आता क्षार

प्लग लावा, नळ उघडा. सायट्रिक रिकाम्या ड्रममध्ये थेट टाका. पावडरच्या खणात टाकलं तर बरंचसं तिथेच गोळा होऊन बसतं. सहा-सात किलोच्या मशीनला १०० ग्रॅम पुरतं. कपडे नाहीत, पावडर नाही. ६० अंशांचा लांब कॉटन प्रोग्रॅम लावा, प्रीवॉश बंद. 'टब क्लीन' असेल तर ते लावा. पाणी गरम झाल्यावर, साधारण पाऊण तासाने, पॉज करून अर्धा तास तसंच राहू द्या. मग पुढे चालू. मशीनने पॉज घेतला नाही तर आग्रह धरू नका.

मशीन चार-पाच वर्षांचं असेल, बोअरवर चाललेलं असेल आणि हे कधीच केलं नसेल, तर पहिल्यांदा ५० ग्रॅमच घ्या आणि आठवड्याने पुन्हा ५०. जुना थर एका दमात सुटला की त्याचे पापुद्रे निघतात, विरघळत नाहीत. हे मी स्वतःच्या मशीनवर शिकलो. बोअरच्या पाण्यावर सहा वर्षं चाललेलं माझं मशीन, आणि मी घाईत २०० ग्रॅम ओतलं. चाळीस मिनिटांनी पंप नुसता गुणगुणायला लागला. फिल्टर उघडला तर आत अंड्याच्या टरफलासारख्या खपल्या ठासून भरलेल्या, आणि पाणी निघालं ते थेट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या पापड घालण्याआधी मला विचारून घेतात.

उलट टोकही नको. दर आठवड्याला ॲसिड घालणारेही भेटतात. स्टीलच्या ड्रमला मागून धरणारा तीन पायांचा सांगाडा बहुतेक मशीनमध्ये ॲल्युमिनियमचा असतो, आणि तो ॲसिडने झिजतो. जड पाणी असेल तर दर तीन महिन्यांनी, धरणाचं पाणी असेल तर सहा महिन्यांनी. माझ्या कामात हा हिशेब बरोबर बसलाय.

## टप्पा ७: फिल्टर, पुन्हा

प्रोग्रॅम संपला की एकदा रिन्स आणि स्पिन रिकाम्या ड्रमवर लावा. मग टप्पा ५ परत करा. हो, पूर्ण. सुटलेला क्षार आणि चिकटा आता फिल्टरमध्ये येऊन बसला आहे. इथेच कंटाळून सोडून दिलं, की पुढच्या धुण्याला पाणी अडकतं आणि दोष सायट्रिकला जातो.

तपासा: रिन्स चालू असताना दाराच्या काचेत बघा. कपडे नाहीत, पावडर नाही, तरीही फेस दिसतोय? मग तुम्ही रोज जास्त पावडर घालताय. जड पाण्यात फेस कमी दिसतो म्हणून आणखी एक चमचा घालायची सवय घरोघरी आहे. न विरघळलेली पावडर ड्रमच्या बाहेरच्या अंगाला लेप देते, आणि काळे कपटे म्हणजे त्याच लेपाचे तुकडे. फ्रंट लोडला फ्रंट लोडचीच पावडर वापरा, पाकिटावरच्या मापाने, आणि महिनाभराने हीच चाचणी परत करा.

शेवटी रबर कोरडं पुसा. दार आणि खण उघडे ठेवा. घरात लहान मूल असेल तर दार बोटभरच उघडं ठेवून बाथरूमचं दार लावा.

## टॉप लोड असेल तर

टप्पा १ ते ३ तसेच. मग ड्रमच्या कडेची लिंटची (कपड्यांचे तंतू अडवणारी) जाळी काढून उलटी करून धुवा. फाटली असेल तर बदला, फार महाग नसते.

बहुतेक टॉप लोडमध्ये हीटर नसतो. म्हणून सर्वांत वरच्या पातळीपर्यंत पाणी भरताना दोन-तीन बादल्या गिझरचं गरम पाणी घाला. उकळतं नको, प्लास्टिक वाकतं. १०० ग्रॅम सायट्रिक बादलीत विरघळवून ओता, पाच मिनिटं फिरवा आणि पॉज करून तासभर ठेवा. झाकण उघडलंत की पाण्यावर काळपट पापुद्रे तरंगताना दिसतील. इथे सगळे ड्रेन लावतात. लावू नका. आधी ते जुन्या गाळणीने उचलून घ्या, परत फिरवा, परत उचला. मग ड्रेन. नव्या पाण्यात एकदा पूर्ण रिन्स, आणि पापुद्रे दिसायचे थांबेपर्यंत पुन्हा रिन्स. माझ्या अनुभवात दोन फेऱ्या लागतात, जुन्या मशीनला चार.

सेमी ऑटोमॅटिकला एवढा व्याप नाही. धुण्याच्या टबातली जाळी आणि ड्रेनचा पाइप मोकळा ठेवला की झालं. पाइपाचं टोक मोरीच्या जाळीत खुपसून ठेवू नका, झुरळं आत शिरतात.

## मशीन नाचत असेल तर

स्पिनला मशीन सरकतं म्हणून खाली पुठ्ठा घालू नका. वर काठोकाठ भरलेलं ताट ठेवा. पाणी ज्या बाजूला सांडेल ती बाजू खाली आहे. त्या कोपऱ्याचा पाय आट्यावर फिरवून उंच करा आणि वरचा लॉकनट आवळा. चारही कोपरे हाताने दाबून बघा, एकही डुगडुगता कामा नये. चाकांच्या स्टँडवरचं फ्रंट लोड मला कधीच पटलेलं नाही.

## इथे हात थांबवा

ड्रम हाताने फिरवल्यावर घरघर येत असेल, स्पिनला जात्यासारखा आवाज असेल, तर बेअरिंग गेलं आहे. सफाईने ते सुधारत नाही, आणि तसंच चालवलं तर खर्च वाढतो. मशीन लावल्यावर घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल, किंवा ऐन मधल्या तळातून पाणी येत असेल, तरीही पत्रा खोलू नका.

मेकॅनिक आला की त्याला सांगा, फिल्टर दोनदा साफ केला आहे आणि सायट्रिक अमुक तारखेला घातलं आहे. त्याचा अर्धा तास वाचतो आणि 'पंप बदलावा लागेल' हे वाक्य जरा विचार करून तोंडातून निघतं. पंप बदललाच, तर जुना पंप मागून घ्या आणि त्याचा पंखा काडीने हलवून बघा.